सुईने लिहिलेली नावे



आमच्या मोरगावच्या जुन्या घरात, सोप्यातून माजघरात जाताना डाव्या हाताला एक काचेची चौकट टांगलेली आहे. आत दोसुतीचा हातभर लांब तुकडा आहे. त्यावर लाल दोऱ्याने अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरे भरली आहेत. त्यांच्याखाली एक ते दहा आकडे, त्याखाली समोरासमोर उभे असलेले दोन मोर आणि अगदी तळाशी एका मुलीचे नाव, 'इयत्ता ४ थी' व '१९५१'. मोरच का, हे मोरगावच्या माणसाला सांगायला नको. ही चौकट माझ्या वडिलांच्या आत्याने शाळेत असताना केली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. घरातली तीनचार पिढ्यांची माणसे त्या चौकटीखालून ये-जा करीत आली. पण थांबून ती वाचावी असे फारसे कोणाला वाटले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं.

पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या अमेरिकेतील भरतकामावरचे एक पुस्तक माझ्या हाती आले. पाने उलटताना मी थबकलो. तीच मुळाक्षरे, तेच आकडे, तसेच समोरासमोर बसलेले दोन पक्षी आणि तळाशी मुलीचे नाव, वय, साल! लिपी तेवढी इंग्रजी, आणि सालात मात्र दीडशे-दोनशे वर्षांचा फरक. घरी टांगलेली वस्तू ही जगातल्या एका मोठ्या आणि जुन्या कुळातली आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्या कुळाची हकीकत आज सांगायची आहे.

या वस्तूला इंग्रजीत सॅम्प्लर म्हणतात. 'नमुना' किंवा 'उदाहरण' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो शब्द आला. भरतकामाचे छापील नमुने मिळत नव्हते त्या काळी बायका एखादी नवी वेलबुट्टी पाहिली की ती कापडाच्या लांबट पट्टीवर उतरवून घेत, आणि पट्टी गुंडाळून सुयांच्या डब्यात ठेवीत. म्हणजे ती त्यांची नमुनेवही. साल घातलेला सर्वांत जुना इंग्रजी सॅम्प्लर १५९८ सालचा आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने तो भरला आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्लंडातून समुद्र ओलांडून जी कुटुंबे अमेरिकेत गेली, त्यांच्याबरोबर ही पट्टीही गेली. 'मेफ्लॉवर' जहाज १६२० साली तिकडे पोचले. त्यातून गेलेल्या कॅप्टन माइल्स स्टँडिश यांची मुलगी लोरा हिने १६५३च्या सुमारास भरलेली पट्टी प्लिमथच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. अमेरिकेच्या भूमीवर झालेला हा सर्वांत जुना ज्ञात सॅम्प्लर.

पुढच्या शंभर वर्षांत या वस्तूचे रूप पालटले. बायकांची नमुनेवही मुलींची पाटी झाली. पाच-सहा-सात वर्षांच्या मुलीला बाईंकडे बसवायचे, हातात सुई द्यायची आणि मुळाक्षरे भरायला लावायची. लांब पट्टीऐवजी आटोपशीर चौकोनी कापड आले, आणि ते पूर्ण झाले की काच बसवून भिंतीवर टांगू लागले.

आता प्रश्न असा, की अक्षरेच का? फुले, पाने, पक्षी भरले असते तर काय बिघडत होते? याचे एक कारण अगदी घरगुती आहे. त्या काळी तागी म्हणजे लिनन कापड फार मोलाचे. जवसाच्या जातीचे रोप शेतात लावायचे, ते पाण्यात कुजवायचे, कुटायचे, विंचरायचे, मग त्याचा धागा कातायचा आणि मग विणायचे. इतक्या खटाटोपाने झालेली चादर, टॉवेल, मेजावरचे कापड हरवता कामा नये. म्हणून प्रत्येक वस्त्राच्या कोपऱ्यावर घराची आद्याक्षरे आणि क्रमांक बारीक टाक्यांनी घालीत. क्रमांकामुळे कोणती चादर केव्हा वापरली, केव्हा धुतली याचा हिशेब राही. आपल्याकडे हे काम परीट करीत असे. बिबव्याच्या रसाने कपड्याच्या काठाला तो खूण करी, आणि ती खूण कपडा फाटला तरी जात नसे. परटाची ती खूण तिकडे घरच्या लेकीच्या सुईत आली, एवढाच फरक.

हे भरतकाम म्हणजे मुख्यत्वे फुलीचा टाका. कापडाचे उभे दोन आणि आडवे दोन धागे मोजायचे आणि त्यावर एक फुली घालायची. छापील आराखडा नाही, पेन्सिलीची रेघ नाही, सगळे मोजणीवर. एका ओळीत एक धागा चुकला की पुढचे सगळे अक्षर सरकते, आणि मग उसवण्यावाचून गती नाही. शिवाय चादरीच्या दोन्ही बाजू दिसतात, तेव्हा मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ हवी, अशी शिस्त असे. ज्या मुलीला पाच ओळी बिनचूक भरता आल्या तिचे मोजणे पक्के झाले असे खुशाल समजावे. जुन्या पुष्कळ सॅम्प्लरांत इंग्रजीची सव्वीस अक्षरे नसतात, चोवीसच असतात. 'जे' आणि 'यू' गाळलेली दिसतात. पोरीचा तो विसराळूपणा नव्हे. आय-जे आणि यू-व्ही या जोड्या त्या काळी एकेकच अक्षर मानण्याचा प्रघात होता, आणि छापखान्यांनी तो सोडल्यावरही सुईने बरीच वर्षे धरून ठेवला.

आता दुसरे कारण. ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्यात थोडी कळही आहे. त्या वसाहतींतल्या लोकांचा धर्म ग्रंथावर उभा. प्रत्येकाने बायबल वाचलेच पाहिजे, म्हणून मुलींनाही वाचायला शिकवीत. पण वाचणे वेगळे आणि लिहिणे वेगळे, अशी त्यांची समजूत होती. लेखणी ही कारकुनाची, व्यापाऱ्याची, वकिलाची, म्हणजे मुलग्याची. मुलीने वाचावे आणि शिवावे. त्यामुळे वाचता येते, पण दस्तावर सही करता येत नाही म्हणून नुसती खूण करून मोकळ्या होतात, अशा बायका तिकडे पुष्कळ होत्या. आपल्याकडे अंगठा, तिकडे फुली. आणि गंमत पाहा, त्याच फुलीच्या टाक्याने लहानपणी त्यांपैकी कितीकींनी आपले सबंध नाव कापडावर घातलेले असेल! लेखणी मिळाली नाही त्या हातांनी अक्षरे काढली ती सुईने.

पण काय लिहायचे, हे मात्र मुलीच्या हाती नव्हते. शिकविणाऱ्या बाई ओळी देत. त्या बहुधा आज्ञाधारकपणाच्या, सद्वर्तनाच्या, आणि वाचताना अंगावर काटा येईल इतक्या मरणाच्या असत. सात-आठ वर्षांच्या पोरीने आपल्या थडग्याविषयी पद्य भरावे, यात तेव्हा कोणाला वावगे वाटत नसे. तिचे स्वतःचे असे त्या कापडावर नाव, वय, गाव आणि साल एवढेच. क्वचित एखादी पोर या चाकोरीबाहेर गेली. मेरीलँडमधील पॅटी पोक नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने आपल्या सॅम्प्लरवर, यातला प्रत्येक टाका मला नकोसा झाला होता, वाचायला मला जास्त आवडते, अशा अर्थाचा मजकूर भरला आहे. बाईंनी तो कसा चालवून घेतला कोण जाणे!

याहून मोठे धाडस इंग्लंडातल्या एका मुलीने केले. ससेक्स परगण्यातली एलिझाबेथ पार्कर लहान वयातच घरकामाला राहिली. तिथे मालकाकडून झालेला जाच, मनात आलेला आत्मघाताचा विचार, त्यातून सावरण्याची धडपड, हे सारे तिने १८३०च्या सुमारास कापडावर बारीक लाल फुल्यांनी लिहून काढले. ना वेलबुट्टी, ना पक्षी. ओळींखाली ओळी नुसता मजकूर. आणि तो वाक्याच्या मध्येच थांबतो. पुढचे कापड कोरे. बाई पुढे सावरली, शाळेत शिक्षिका झाली, हे नंतरच्या संशोधकांनी शोधून काढले. तिचे ते कापडही लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे.

असो, पुन्हा अमेरिकेकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे मुलींच्या खाजगी शाळा निघाल्या, आणि ऐपतदार घरच्या लेकी फी भरून रेशमाचे काम शिकू लागल्या. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स गावी मेरी बाल्च या बाईंची शाळा होती. तिथल्या मुली गावातल्या सरकारी आणि विद्यापीठाच्या इमारती हुबेहूब भरीत. पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथीयांनी १७९९ साली वेस्टटाउन येथे शाळा काढली. तिथे मुली फाटक्या कापडावरच्या रफूचे नमुने करीत, ते तर होतेच. पण रेशमी कापडाचा चेंडू शिवून त्यावर पृथ्वीचे देश, समुद्र आणि अक्षांश-रेखांश भरीत. भूगोलाच्या शिक्षकांनी हे ऐकून ठेवावे. जो देश हाताने भरला त्याचा आकार मूल सहसा विसरत नाही.

या चौकटीत सगळ्यांनाच जागा होती असे नाही. दक्षिण कॅरोलायनात गुलामांना लिहायला शिकविण्याला १७४० सालीच कायद्याने बंदी झाली होती. न्यूयॉर्कमध्ये मात्र काळ्या मुलामुलींसाठी १७८७ साली शाळा निघाली. तिथल्या रोझीना डिझरी या विद्यार्थिनीचा १८२० सालचा सॅम्प्लर आजही पाहायला मिळतो. मूळ रहिवासी चेरोकी जमातीच्या मुलींनी मिशनशाळांत केलेले नमुनेही उरले आहेत. ते पाहताना मन द्विधा होते. अक्षर हाती आले ही गोष्ट खरी, पण त्यासाठी आधी परक्याचा शब्द गिरवावा लागला हेही खरे.

आणि इथेच धागा आपल्याकडे वळतो. चेरोकींमध्ये शाळा काढणारे जे अमेरिकन बोर्ड, त्यानेच आपले पाद्री १८१३ साली मुंबईत पाठविले. त्यांचे अमेरिकन मराठी मिशन. मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७च्या अखेरीस न्यू हॅम्पशायर प्रांतात जन्मलेली सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईत उतरली. १८३९ साली ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. सॅम्प्लर ज्या प्रांतांत घरोघर भिंतीवर होते तिथून ही बाई आली होती. तिच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असे, यात नवल नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी नगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्यावरून पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद आपल्याला आली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १८४८ साली भिडेवाड्यात ती शाळा सुरू झाली.

आपल्या बायकांना सुई तोवर ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. लुगडे आणि धोतर ही न शिवलेली वस्त्रे, बाकीचे शिवण शिंप्याकडे. पण बाळाची कुंची, टोपडे, आणि जुनेराची गोधडी ही घरच्याच बाईची. गोधडीचा धावदोरा चारी बाजूंनी आत आत फिरत जातो, ती चाल आमच्या आज्यांना कोणत्या शाळेने शिकविली नव्हती. त्यांच्या सुईत नक्षी होती, माप होते. नव्हते ते अक्षर. गोधडीवर नाव घालायची कल्पना कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

शाळेने अक्षर दिले. आणि पुण्यात ते एकदम लेखणीनेच दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो बाईंनी दिलेला धडा गिरवून काढलेला नव्हता. आपल्या लोकांवरचा अन्याय तिने आपल्या शब्दांत मांडला होता. तिकडे एलिझाबेथ पार्करला हेच करायला लाल दोरा घ्यावा लागला. मुक्ताच्या हातात कागद आणि टाक होता.

मग मुलींच्या शाळांत सुई उरली ती कशासाठी? पोटासाठी. याचे उदाहरण पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. मोरगावहून शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या शाळा पाहून, शिक्षणपद्धती अभ्यासून तीन वर्षांनी परतल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळातल्या निराधार मुली आणि बाया केडगावला आणल्या. १९००च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. त्यांना लिहिणे-वाचणे तर शिकविलेच, पण विणकाम, शिवण, भरतकाम, शेती आणि छापखान्याचे कामही शिकविले. पुण्यात १९०९ साली निघालेल्या सेवासदनातही हीच दृष्टी. रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेत शिवण-भरतकामाचे वर्ग होते. विधवेच्या हाती चार पैसे यावेत, यासाठी ती सुई होती.

खेड्यापाड्यांत शिवणाचा तास पोचला तो पुढे प्रशिक्षित शिक्षिकांबरोबर. आमच्या आत्याबाई सांगत, की शाळातपासनीस, म्हणजे गावाच्या भाषेत दिपोटी, येणार म्हणून बाईंनी महिनाभर आधी सगळ्या मुलींना दोसुती आणि लाल लडी आणायला सांगितली होती. मराठी अक्षरे फुलीच्या टाक्यात बसवणे हे इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड. इंग्रजीची मोठी अक्षरे बरीचशी सरळ रेघांची. आपली शिरोरेघ सरळ, पुढचा कानाही सरळ; पण अ, ह, ळ, क्ष, ज्ञ यांची वळणे चौकोनात मावत नाहीत. ग, म, न पटापट होत आणि ळ पाशी वर्ग अडून बसे.

दिपोटी पाहून गेल्यावर कापड घरी आले, त्याला काच लागली. पुढे दोनच वर्षांत शाळा सुटली आणि इंदापूर तालुक्यातल्या एका गावी लग्न झाले. लग्नात ही चौकट रुखवतात मांडली होती. तिकडे अमेरिकेतही तेच. बैठकीच्या खोलीत सॅम्प्लर टांगायचा तो आल्यागेल्याने, विशेषतः मुलगी पाहायला आलेल्याने, वाचावा म्हणून. मुलीला शिवण-टिपण येते का, हा प्रश्न इथे विचारावा लागे. तिथे भिंतच उत्तर देई. रुखवत मात्र वराकडे जाते, आणि ही चौकट मागे राहिली. त्याचे कारण वडिलांनी मला सांगितले. सासरी नवरीचे नाव बदलले होते. आडनाव तर बदलतेच. तिचे पाळण्यातले नावही बदलले. जुने नाव घातलेली चौकट नव्या घरात कोण टांगणार?

या नाव बदलण्यापायी तिकडच्या इतिहासकारांचीही फार अडचण होते. लग्नानंतर बाईचे माहेरचे आडनाव कागदांतून पुसले जाते. अशा वेळी सॅम्प्लर उपयोगी पडतो, कारण त्यावर माहेरचे नाव, वय, गाव, साल सगळे एके ठिकाणी असते. काही सॅम्प्लरांवर तर आईबाप आणि सगळ्या भावंडांच्या जन्मतारखा भरलेल्या असतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांना पुढे पेन्शन मिळू लागली तेव्हा लग्नाचा, मुलांच्या जन्माचा पुरावा मागत. ज्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता अशा काही कुटुंबांनी भिंतीवरचे भरलेले कापडच काढून सरकारात दाखल केले. आजही तिथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, पेन्शनच्या कागदांत, ती कापडे आहेत.

आमच्या आत्याबाईंवर हा प्रसंग १९८३ साली आला. वडील वारल्यावर सात-बाऱ्यावर वारसांची नोंद व्हायची होती. १९५६च्या कायद्याने मुलगीही वारस. पण ज्या बाईचे नाव कागदात होते आणि जी बाई समोर उभी होती, त्या दोन नावांचा मेळ बसेना. एका कचेरीत तिला विचारले, की ही तूच कशावरून? दोनतीन खेपा झाल्या. शेवटी शाळेचा जुना दाखला निघाला, प्रतिज्ञापत्र झाले आणि काम मार्गी लागले. चौकट कोणी मागितली नाही आणि कोणी दाखवलीही नाही.

त्या खेपेला ती मोरगावी चार दिवस राहिली. माझे वडील सांगत, की जायच्या दिवशी ती त्या चौकटीसमोर उभी राहिली आणि बोट ठेवून तिने आपले माहेरचे नाव मोठ्याने वाचले. तीस वर्षांत त्या नावाने तिला तिचे वडील तेवढे हाक मारीत, आणि ते तर गेले होते. मग तिचे बोट वर मुळाक्षरांत गेले आणि ती हसली.

"ह्यो ळ बघ. एक डोळा बारका झालाय. बाईनी उसवायला सांगितला व्हता. म्या नाय उसवला."

मी परवा काच पुसताना नीट पाहिले. डावा डोळा खरोखरच बारीक आहे.